त्रेचाळीस वर्षांची जामीनदार

माझ्या शैक्षणिक कर्जाला जामीन राहायला पहिला नकार मिळाला तो माझ्याकडूनच. म्हणजे त्रेचाळीस वर्षांच्या माझ्याकडून. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, हातात चौदा नंबरचं टोकन होतं आणि मीच मला चाळीस मिनिटं बाहेर बसवून ठेवलं होतं.

पहिल्यापासून सांगते. हिरण्यकेशीच्या काठी आमचं तालुक्याचं गाव. तिथल्या तांबट गल्लीत आमच्या अण्णांची, म्हणजे बापू मगदुमांची, पिठाची गिरण. मला वैद्यकीयला जागा मिळाली ती खासगी कॉलेजात. पेढे वाटून झाले आणि मग फीचा आकडा आला. तो ऐकून आईनं हातातली परात खाली ठेवली आणि स्वतःही तिच्याशेजारी बसली. पहिल्या वर्षाची फी तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत भरली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. मी कर्जाच्या खिडकीवर पोचले तेव्हा वीस तारीख होती.

कर्ज म्हटलं की जामीनदार आला, आणि जामीनदार म्हटलं की आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. अण्णांनी तरुणपणी भैरू नावाच्या दोस्ताच्या टेम्पोला जामीन म्हणून सही केली होती. भैरू टेम्पोसकट गोव्याकडं गेला तो गेलाच. अण्णांनी सात वर्षं त्याचे हप्ते भरले. तेव्हापासून गिरणीत पाटी लागली होती : ‘दळण ठेवून जावे. जामीन मागू नये.’ कुणी तरीही विचारलंच तर अण्णांचं एक वाक्य ठरलेलं असे. “सही करताना हात आपला आसतोय. मागनं पाय त्येंचं आसत्यात, आन् ते गावत न्हाईत.” अगदी महिन्यापूर्वी शाळेपासूनच्या दोस्ताला, गादीवाल्या दस्तगीर चाचांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. चाचांना कापूस पिंजायचं नवं यंत्र घ्यायला पतसंस्थेचं कर्ज हवं होतं. चाचा हसून “बरं बाबा” म्हणाले, पण त्यानंतर दळण ठेवून लगेच जायला लागले. पूर्वी तासभर बसायचे.

सरकारच्या विद्याधन योजनेनं मात्र हा जामीनदाराचा घोळच मिटवला होता, निदान जाहिरातीत तरी.

त्यामागचं विज्ञान तसं सोपं होतं. उद्याचा पाऊस सांगताना आभाळाचे लहान लहान चौकोन पाडतात, प्रत्येकात आज वारा किती, ओल किती, ऊन किती ते भरतात आणि संगणकाला म्हणतात, आता चालव पुढं. एकदा चालवून भागत नाही. सुरुवातीच्या आकड्यांत चिमूटभर फरक करून पुन्हा पुन्हा चालवतात आणि ज्या निकालाभोवती जास्त गर्दी जमेल तो अंदाज म्हणून सांगतात. कुणीतरी हेच माणसावर करून पाहिलं. माणसाचे चौकोन म्हणजे त्याची हजेरी, गुण, झोप, औषधं, खरेदी, फोनवर कुणाशी किती वेळ बोलतो, कुणाचं देणं वेळेवर देतो की नाही. हे सगळं भरून यंत्र त्या माणसाला पंचवीस वर्षं पुढं चालवायचं, दहा हजार वेळा. दर वेळी कुठं आजारपण, कुठं बदली, कुठं नशीब असा थोडा थोडा फरक. शेवटी जिथं दाट गर्दी जमेल तो माणूस उचलायचा आणि त्याला चेहरा नि आवाज द्यायचा. त्याचं नाव भावी प्रतिरूप. कर्ज फेडणार तोच, तर जामीनही त्यालाच राहू दे, असा शासन निर्णय निघाला. प्रतिरूपाला स्वतःच्या खिशाची काळजी असल्यामुळं ते भिडेला पडून सही करत नाही आणि उगाच नकारही देत नाही. बहुतेक मुलांना त्यांची प्रतिरूपं हसत सही द्यायची. आमच्या वर्गातल्या एकाच्या प्रतिरूपानं तर त्याला वजन कमी करायला सांगून वर आशीर्वादही दिला होता.

म्हणून मी नवा ड्रेस घालून गेले होते.

विद्याधन कक्षाचे अधिकारी हत्तरकी साहेब सीमेपलीकडचे. शांत माणूस, दर वाक्याला मान हलवणार. मी विचारलं, “साहेब, ती तर यंत्रातली आहे. मग थांबायचं कशाला?”

“डॉक्टर आहेत की वो त्या,” ते म्हणाले. “पेशंट तपासायलेत. मध्येच कसं उठवायचं? बसा की.”

भिंतीवर सूचना होती : ‘प्रतिरूपास मृत्यू, लग्न व मटका याविषयी प्रश्न विचारू नयेत.’ ती मी अकरा वेळा वाचली. मग पडदा उजळला.

समोर एक जाडजूड बाई बसली होती. अण्णांच्या भुवया, आईचं नाक, गळ्यात स्टेथोस्कोप. इथवर माझी तयारी होती. पण बाई एका पायावरून साडी गुडघ्यापर्यंत घेऊन गुडघा चोळत होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं दातांना मिसरी लावत होती. मी हादरलेच. त्रेचाळिसाव्या वर्षी मी मिसरी लावणार होते.

“काय काम हाय?” तिनं विचारलं.

“मॅडम, मी... म्हणजे आपण... जामिनासाठी आले होते.”

“जामीन?” बाईनं पिंक टाकायला वाकावं तशी मान वाकवली आणि सरळ झाली. “न्हाई. सही करताना हात आपला आसतोय. मागनं पाय त्येंचं आसत्यात, आन् ते गावत न्हाईत. फुडचा पेशंट पाठवा.”

पडदा काळा झाला. मला रडायला यायच्या आधी राग आला, हे मला आजही बरं वाटतं.

“साहेब, ही मी नाही!” मी म्हटलं.

हत्तरकी साहेबांनी मान हलवत माझ्या नोंदींचा कागद काढला. “शाल्मली बापू मगदूम. मोबाईल क्रमांक हाच ना? मग तुम्हीच की. आठवड्याला मिसरीच्या दोन डब्या. गुडघ्याचं तेल महिन्याला एक. सरकी पेंड दोन पोती. पहाटे चारला भजनं. दुपारी कुस्त्यांचे व्हिडिओ, तीन तास. पेन्शन तीन येतात तुम्हाला. एक विधवा, एक एसटीची, एक...” ते थांबले. “आणि दोनदा बाळंतपणाचं अनुदानही घेतलंय की वो तुम्ही.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तिथंच कपाळाला हात लावला.

आमच्या गल्लीत कुणालाही कसलाही फॉर्म भरायचा असला की माणूस दळणाचा डबा आणि कागद घेऊन गिरणीत येई. दळण होईपर्यंत मी पिठाच्या पोत्यावर बसून फॉर्म भरून देत असे, सहावीत होते तेव्हापासून. मोबाईल नंबरच्या रकान्याशी आलं की सगळ्यांचं उत्तर एकच, “तुजाच टाक की. आमाला कुटं बगाय येतंय?” पेन्शन, गॅस, रेशन, दवाखाना, सगळीकडं माझा नंबर. किराणा दुकानात गुण जमा करायचे तर तेही माझ्या नंबरावर. मी अठरा पूर्ण केल्यावर तर गल्लीनं नऊ सिमकार्डं माझ्या नावावर घेतली, कारण म्हणे माझे कागद चांगले. यंत्रानं हे सगळं माझं समजून इमानेइतबारे भरलं होतं. मिसरी आणि गुडघा गल्लीतल्या इंदू आत्तीचा, पहाटेची भजनं निवृत्त एसटी ड्रायव्हरची, कुस्त्या त्याच्या भावाच्या. आणि भैरूचे हप्ते अण्णा माझ्या जन्मानंतरही भरत होते ते माझ्याच नावच्या बचतखात्यातून, त्यामुळं तो जामीनही माझ्याच खाती होता. थोडक्यात, समोर बसलेली डॉक्टरीण म्हणजे मी नव्हतेच. ती अख्खी तांबट गल्ली होती आणि तिला एमबीबीएसची पदवी मिळाली होती.

“मग हे दुरुस्त करा ना,” मी म्हटलं.

“करू की. नव्वद दिवस, कामकाजाचे.”

“माझ्याकडं दहा आहेत. सुट्ट्या धरून.”

साहेबांनी या वेळी मान हलवली नाही. ते आत गेले आणि एक फॉर्म घेऊन आले. “पुनर्विनंती दोनदा करता येते. सोबत एक नातेवाईक चालतो. आणि एक सांगतो, नोंदी ताज्या होत राहतात. अगदी मुलाखत चालू असली तरी. माणूस बदलला की प्रतिरूप बदलतंय.”

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आईनं यंत्राला शिव्या घातल्या. अण्णा गिरणीचा पट्टा चढवत होते. ते म्हणाले, “बोलली ते बराबर बोलली की.”

“अण्णा, ती तुमचं वाक्य बोलली! तुमच्यामुळं माझी जागा जाणार आहे!”

हे मी फार मोठ्यानं बोलले. गिरणीत चार माणसं होती. अण्णांनी पट्टा चढवला, बटण दाबलं आणि जात्याच्या आवाजात बराच वेळ कुणाचंच काही ऐकू आलं नाही. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं, त्यामुळं चेहऱ्यावरचं नीट दिसलं नाही. पण चोवीस तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी एसटी स्टँडवर उभे होते.

दुसऱ्या खेपेला टोकन नऊ. डॉक्टरीणबाई दिसल्या आणि अण्णा उठून उभे राहिले. ते तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. आपल्याहून चारच वर्षांनी लहान असलेल्या लेकीला काय म्हणायचं, हा पेच त्यांनी क्षणात सोडवला. “नमस्कार डॉक्टरीणबाई,” ते म्हणाले.

“या अण्णा, बसा. च्या घ्येनार?”

“आत्ताच झाला.”

आणि मग ती दोघं जी बोलत बसली! भैरूचा टेम्पो कुठल्या रंगाचा होता, तो कुठल्या पंपावर शेवटचा दिसला, जामीन राहणाऱ्याला कसं कुणी विचारत नाही. एकानं वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्यानं संपवावं. अण्णांना आयुष्यात इतकं पटणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

“हां,” अण्णा भानावर आले. “पन डॉक्टरीणबाई, ही पोरगी म्हंजे तुमीच की. तुमास्नी नड काय हाय?”

बाईंनी गुडघा चोळायचा थांबवला. “अण्णा, फेडायचं कशानं? आपल्या गिरणीच्या बाजूलाच दवाखाना घातलाय मी. पेशंट लई. पैसं कोन देतंय? ही बगा.” त्यांनी एक वही पडद्यासमोर धरली. “इंदू आत्ती. बासष्ट खेपा. दर खेपेला ‘फुडच्या खेपेला देते’. एकदा दिलेलं न्हाईत. आसल्या कमाईवर जामीन राहू? हप्ता चुकला की परत तुमीच भरनार.”

गिरणीच्या उधारीच्या नोंदीही माझ्याच फोनवर होत्या. सहा वर्षांच्या ‘पुढच्या खेपेला’ यंत्रानं नीट वाचल्या होत्या. गल्ली गिरणवाल्याचे पैसे देत नाही, तर गिरणवाल्याच्या लेकीचे कुठून देणार, हा त्याचा हिशेब काही चुकीचा नव्हता.

मी वही वाचत होते. इंदू आत्तीच्या नावापुढं तारखांची रांग होती. बासष्टाव्या तारखेनंतर दोन वर्षं रकाना कोरा होता. मी आणखी वाकून पाहिलं. दस्तगीर चाचांचं नाव वहीत कुठंच नव्हतं. भिंतीवरच्या सूचनेकडं माझं लक्ष गेलं आणि मी काही विचारलं नाही. अण्णांना तारखा दिसल्या नव्हत्या. त्यांना फक्त उधारी दिसली होती.

परतीच्या एसटीत ते बोटांवर बासष्ट खेपा मोजत होते. गल्लीत उतरले ते थेट इंदू आत्तीच्या दारात.

“आत्ते! माज्या पोरीचं बासष्ट येळचं पैसं बुडवलंईस, लाज वाटती का?”

आत्ती म्हशीला पेंड घालत होती. वय चौसष्ट, तोंड कायम चालू. “कुटलं पैसं रं? पोरगी आजून कॉलेजात गेली न्हाई आन् मी बुडवलं?”

“बुडवनार हाईस! पंचवीस वर्सांनी! मशीननं दाखीवलंय!”

आत्तीनं पाटी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. “थांब थांब. पंचवीस वर्सांनी मी पैसं बुडवनार?”

“व्हय!”

“म्हंजे मी तवर जित्ती हाय?”

आत्ती पदर खोचून गल्लीत आली. “आगं ऐकलासा का! सरकारच्या मशीनमदी आलंय, मी नव्वदीला टेकनार हाय! बासष्टदा दवाखान्यात चालत जानार हाय, चालत!” तिनं तिथल्या तिथं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मी कोऱ्या रकान्याचं काही बोलले नाही. साखर मात्र खाल्ली.

पुढं जे झालं ते आईच्या डोक्यातून निघालं. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली गिरणीत, प्रत्येकाचा प्रश्न एकच, “माजं नाव हाय का वहीत?” आई गल्ल्यावर बसली आणि म्हणाली, “आधी गिरणीची बाकी भरा, मग शालू सांगेल.” मी पुढं होऊन समजावलं की असं केलं तर यंत्राला वाटेल गल्ली पैसे देते, मग दवाखान्याचा हिशेब सुधारेल. कुणी ऐकत नव्हतं. फोन काढून सगळे पैसे टाकत होते, माझ्याच नावावरच्या सिमकार्डांवरून. सहा वर्षांत न आलेली उधारी चार दिवसांत जमा झाली. इंदू आत्तीनं आपली बाकी भरून वर वीस रुपये टाकले आणि म्हणाली, “आता मला परवडतंय.” ज्यांचं नाव होतं त्यांना मी हो म्हटलं. ज्यांचं आठवत नव्हतं त्यांनाही हो म्हटलं.

शेवटच्या दिवशी दस्तगीर चाचा आले. त्यांची बाकी नव्हतीच. आयुष्यभर त्यांनी दळणाचे पैसे डब्याच्या झाकणावर ठेवून मगच डबा खाली ठेवला होता. गिरण बंद होती, अण्णा आत छिन्नीनं ठोकत जात्याला टाकी लावत होते.

“शालूबेटा,” चाचा म्हणाले, “सगळ्यांचं नाव हाय म्हणत्यात. माझं?”

मला खोटं बोलायला वेळ लागला. तेवढा वेळ ते माझ्याकडं पाहत राहिले.

“त्या वहीत फक्त उधारीवाले होते, चाचा,” मी म्हटलं. “तुम्ही रोख देता.”

चाचांनी एकदा मान डोलावली. मग खिशातून शंभराची नोट काढून माझ्या हातावर ठेवली. “बरोबर. मी रोखच देणार. ही घे, पहिल्या खेपेची. मागनं गडबडीत राहून जाईल.”

ते गेले. आत टाकीचा आवाज थांबलेला होता. किती वेळ थांबलेला होता ते मला कळलं नाही.

तीस तारखेला सकाळी अण्णा म्हणाले, “तू हो फुडं. मला काम हाय.”

“आज? अण्णा, आज शेवटची मुलाखत आहे!”

“म्हनून तर,” म्हणाले आणि सायकल घेऊन गेले. मी एकटी गेले. वाटेत मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की एसटीचं तिकीट चुरगळून फेकलं आणि मग ते कंडक्टरनं पुन्हा मागितलं.

त्या दिवशी गर्दी होती. माझा नंबर लागला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. डॉक्टरीणबाई प्रसन्न दिसत होत्या. मिसरी होती, पण मागच्या भिंतीला रंग लागला होता.

“गल्ली सुदारली गं,” त्या म्हणाल्या. “समदे पैसं देत्यात आता. इंदू आत्ती तर आगाव देती.”

“मग हप्ता झेपेल ना?”

“झेपंल की.”

“मग सही कराल?”

“जामीन?” भुवया वर गेल्या. “न्हाई. पैशाचा प्रश्न न्हाई, जामीन आपन कुनाला ऱ्हात न्हाई. सही करताना हात...”

“आपला असतो! माहीत आहे मला!” मी किंचाळले. “लहानपणापासून ऐकतेय! मी भैरू नाही! मी कुठं टेम्पो घेऊन पळणार आहे? मी तुम्हीच आहे! तुमचा स्वतःवर विश्वास नाही?”

बाईंनी मिसरीचं बोट पुन्हा दाताशी नेलं. त्यांचा चेहरा कठोर नव्हता. तो घाबरलेला होता, आणि अण्णांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता कारण त्यावर नेहमी पीठ असायचं. मला एकदम त्यांची दया आली आणि माझी जागा गेली हेही त्याच क्षणी कळलं. हत्तरकी साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. चार पंचवीस.

माझा फोन वाजला. आमच्या काळात जग कुठल्या कुठं गेलं होतं, पण ओटीपी काही गेला नव्हता. पडद्यावर अक्षरं आली : ‘बापू मगदूम यांच्या जामीनपत्राच्या खात्रीसाठी सहा अंकी क्रमांक.’ पाठोपाठ अण्णांचा फोन.

“शालू, नंबर आला का गं? सांग बगू.”

“अण्णा, कुठं आहात तुम्ही?”

“पतसंस्थेत. सांग लवकर, म्यानेजर दार लावाय लागलाय.”

“कुणाला जामीन राहताय?”

“दस्तगीरला.” तिकडून चाचांचा आवाज येत होता, “राहू दे रे बापू, खरंच राहू दे,” आणि त्यांना अण्णा ओरडत होते, “तू गप बस!”

मी एक एक आकडा वाचला. पाच. शून्य. दोन. दोन. आठ. एक.

“झालं,” अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

समोरचा पडदा थिजला. बाईंचं बोट दाताशी होतं तिथंच राहिलं. खाली ओळ आली, ‘प्रतिरूप अद्ययावत होत आहे’, आणि एक चाक फिरायला लागलं. हत्तरकी साहेब खुर्चीतून उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. चाक फिरतच होतं. चार एकतीस. मी आयुष्यात कुठल्याच गोष्टीकडं इतक्या भक्तीनं पाहिलेलं नाही.

चाक थांबलं. बाईंनी दाताचं बोट काढलं, पदराला पुसलं आणि माझ्याकडं नीट पाहिलं, पहिल्यांदाच.

“उबी का? बस की,” त्या म्हणाल्या. “कुटं करायची सही?”

“पण तुम्ही तर...”

“आगं, अण्णांनी केली. मग मला काय धाड भरलीय?”

फी भरल्याची पावती आली तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती. साहेबांनी मला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले. घरी आले तर अण्णा गिरणीतली पाटी काढत होते. खिळा गंजला होता, निघत नव्हता. मी जवळ जाऊन पाटीचं दुसरं टोक धरलं.

“तुज्यासाटी केली आसं दस्तगीरला सांगू नको,” ते खिळ्याशी झटत म्हणाले. “आन् खरं म्हंजे, नुसतं तुज्यासाटी केली बी न्हाई.”

विद्याधन योजना पुढं बंद पडली. एका बड्या माणसाच्या मुलाला त्याच्या प्रतिरूपानं तोंडावर दार लावलं आणि मग यंत्र सदोष असल्याचा अहवाल यायला आठवडाही लागला नाही.

मी तिसऱ्या वर्षाला असताना दस्तगीर चाचा गेले. पिंजणयंत्राचे चौदा हप्ते राहिले होते. ते अण्णांनी भरले, दर महिन्याच्या एक तारखेला, घरात कुणाला न सांगता. ओटीपी माझ्याच फोनवर येत होते, म्हणून मला कळत होतं. मी फक्त आकडे पाठवत होते.

आज मी बरोबर त्रेचाळीस वर्षांची आहे. गिरणीच्या बाजूला माझा दवाखाना आहे. मिसरी लावत नाही, गुडघे ठीक आहेत, भुवया मात्र आल्या. वहीच्या पहिल्या पानावर पहिलं नाव दस्तगीर चाचांचं आहे : शंभर रुपये, रोख. बाकी गल्लीचं म्हणाल तर वर्षभरात ती पूर्वपदावर आली. कर्ज फेडायला मला ठरल्यापेक्षा तीन वर्षं जास्त लागली.

इंदू आत्तीची बासष्टावी खेप झाली ती मागच्या महिन्यात. वय एकोणनव्वद. ती “फुडच्या खेपेला देते” म्हणून काठी टेकत गेली आणि मी वहीत आकडा लिहिला तेव्हा पेन माझ्या हातातच राहिलं. यंत्र सदोष होतं, त्याच्यात सरकी पेंड आणि कुस्त्या भरल्या होत्या, हे मी पुरतं जाणून आहे. तरी त्यानंतर चोवीस दिवस मी रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आत्तीच्या दारावरून जात होते. ती दिसली की परत यायचे.

काल दुपारी ती आली. टोकन न घेता सरळ आत, नेहमीप्रमाणं. खोकला होता. मी छाती तपासली, दोनदा तपासली, औषध दिलं. वही उघडली आणि तिच्या नावापुढं त्रेसष्ट लिहिलं.

“का गं रडाय लागलीस?” आत्तीनं विचारलं.

“पीठ गेलं डोळ्यात,” मी म्हटलं.

“पैसं फुडच्या खेपेला देते हं.”

“द्या,” मी म्हटलं. “पुढच्याच खेपेला द्या.”